वाकडं रक्त

त्या दिवशी मी मनीजेच्या थोबाडीत सणसणीत ठेवून दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा. कुणी विचारलं, की एवढा कशाचा राग आला होता, तर मी आता खोटं बोलत नाही. पोरगी खरं बोलली, म्हणून आला होता.

झालं असं. ती शाळेतून आली, दप्तर कोनाड्यात फेकलं, समोवारातला चहा बशीत ओतला, साखरेचा खडा दातात धरला आणि तशीच बोलत सुटली. मी लोकर गुंडाळत होते. माझी थोरली, गोहर, खोलीच्या त्या टोकाला मागावर बसून गालिचा विणत होती.

"आई, आज आमच्या शिक्षिकेने, खानमने, शिकवलं. काही गोष्टी आपण जन्मताना आईबापाकडून घेऊन येतो. काही जन्मल्यावर लागतात. माझे डोळे आज्जीसारखे घारे, ते जन्माचे. हा कोपरावरचा भाजल्याचा डाग, तो नंतरचा. डोळे माझ्या पोरांत उतरतील. डाग नाही उतरायचा."

"बरं मग?"

"मग ताईचे पाय डागासारखे आहेत. तुझेपण. ते रक्तातले नाहीत, मागावर बसून झालेत."

मी उठले कधी आणि हात उचलला कधी, मला कळलं नाही. साखरेचा खडा तिच्या तोंडातून उडून सतरंजीवर पडला. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. मागावरची फणी थांबली होती. गोहरने मान वळवली नाही, पण तिने सगळं ऐकलं होतं.

"अभ्यासाला पाठवते तुला, घरच्यांच्या पायांची मापं काढायला नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा लोकर हातात घेतली. 

आमच्या घराण्याला गावात 'कमानी' म्हणतात. कमानींच्या बायका म्हणजे गुडघे बाहेर, पावलं आत, आणि चालताना दोन्ही बाजूंना हेलकावा. लांबून कुणी येत असली तर पोरंटोरं ओळखतात, कमानीची बाई आली. मी या घरात सून म्हणून आले, तरी माझेही तसेच. कारण माझ्या माहेरीही तसेच. आमच्या गल्लीत सगळ्या बायकांचंच तसं, आणि सगळे म्हणतात, रक्त आहे, काय करणार. तेराव्या-चौदाव्या वर्षी उतरतं म्हणे. गावच्या जमीनदाराच्या, अरबाबच्या, पोरी मात्र चिनारासारख्या सरळ. ते मोठ्या घरचं रक्त. असं आम्हीच म्हणायचो, आमच्याच तोंडाने, आणि वर त्यांच्या पोरींची नजर काढायला निखाऱ्यावर इस्फंदचे दाणे जाळायचो.

आता गोहरचं सांगते, म्हणजे राग कळेल. गोहर माझ्यापेक्षा जास्त वाकडी. खूपच जास्त. सोळाव्या वर्षी शेजारच्या गावात दिली. पहिलं बाळ तीन दिवस अडून गेलं. दुसरंही तसंच गेलं, आणि या वेळी तीही जाता जाता राहिली. सुईणीने हात धुतले आणि सांगितलं, हिच्या कमरेचं हाड मोकळं होत नाही, तिसऱ्यांदा ही वाचणार नाही. सासूने दुसऱ्याच आठवड्यात तिचं गाठोडं बांधून बसमध्ये बसवलं. वर निरोप, 'तुमचं रक्तच वाकडं, आमच्या घरात नको.' जावयाने दुसरी केली. गोहर चार वर्षं झाली माझ्याकडे आहे. माझी स्वतःची पाच झाली, त्यातली दोन जगली, तेव्हा मी तिला काय म्हणायचे ठाऊक आहे? म्हणायचे, बाळा, नशीब. आपलं रक्तच तसं. आणि ती मान हलवायची.

तिला तेवढंच एक औषध होतं. कुणाचा दोष नाही. वरून आलेलं आहे.

आणि ही टीचभर पोरगी दातात साखर धरून सांगते, की वरून काही आलं नाही.

त्यातून दिवस कसा, तर शनिवार चार दिवसांवर आलेला. माझे थोरले दीर म्हणजे उस्ता रहमत, विणकामातले उस्ताद. गल्लीतले सात माग त्यांचे, एक आमच्या खोलीत, बाकीचे त्यांच्या तळघरात. त्यांनी केरमान शहरातल्या एका व्यापाऱ्याचा मोठा गालिचा घेतला होता, बारीक कामाचा, बोटाच्या पेराएवढ्या जागेत किती गाठी याला मोजमाप नाही. असल्या कामाला लहान बोटं लागतात. कडेचं काम बायका करतात, पण मधल्या नक्षीच्या धाग्यांत त्यांची बोटं शिरत नाहीत. तेव्हा शनिवारी मनीजेला मागासमोरच्या फळीवर विणायला बसवायचं ठरलं होतं. माझा नवरा यदुल्ला तांब्याच्या खाणीवर असतो, दोन महिन्यांतून एकदा घरी येतो. त्याला भावाने निरोप धाडून विचारलं, त्याने हो म्हटलं. मला कुणी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नव्हतं, हेही सांगते.

उलट मनात म्हणायचे, चला, बारा वर्षं तरी हिला उन्हात हुंदडायला मिळालं. गोहरला सहाव्या वर्षी बसवलं होतं. मनीजेच्या वेळी मी आजारी होते, मग शाळा निघाली, मग असंच राहून गेलं.

थप्पड खाऊनही पोरगी गप्प बसेल तर ती माझी कसली. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांना पाला घालताना पुन्हा सुरू.

"आई, आपण दर वर्षी खुणेसाठी कोकरांचे कान कापतो ना?"

"कापतो."

"आज्जीपण कापायची?"

"आज्जीची आज्जीपण कापायची. का?"

"मग एक तरी कोकरू कापलेल्या कानाचं जन्मलंय का?"

मी बादली आपटली. ती दोन पावलं मागे सरकली, पण तोंड चालूच. "आणि रक्तातच असेल तर रहमतकाकांचे पाय का सरळ? बाबांचे का सरळ? ते काय दुसऱ्या आईचे आहेत?"

"बायकांच्याच अंगात उतरतं ते."

"मागावर पण बायकाच बसतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला बोलून उपयोग नाही, जिने हे डोक्यात भरलं तिलाच धरायचं, असं ठरवून मी चादोर डोक्यावर घेतली आणि शाळेकडे निघाले. वाटेभर मनात घोकत होते काय काय सुनवायचं ते. शहरातून यायचं, दोन वर्षं राहायचं, आमच्या दुखण्यांवर धडे द्यायचे आणि बदली झाली की निघून जायचं.

खानम वर्गात एकटीच वह्या तपासत होती. फरंगीस खानम. पंचविशीची असेल, सडसडीत. मी दारातूनच सुरू केलं.

"तुम्ही माझ्या पोरीला काय शिकवता? आईचे पाय बघून ये आणि वर्गात सांग, असं?"

ती उठून उभी राहिली. "बसा ना, तूबा खानम."

"मी बसायला नाही आले. माझी थोरली पोर घरात बसलीय, दोन बाळं मातीत घालून. तिच्या कानावर हे पडलं. आता तुम्ही या आणि तिला सांगा, की तुमचं चुकलं."

 खिडकीतला एक मातीचा कुंडा उचलून तिने माझ्यापुढे ठेवला. त्यात बाकल्याचं एक रोप होतं, शेंगांचं, दोनदा मुरडून जमिनीला टेकलेलं. "हे पोरांनी टोपलीखाली वाढवलं," ती म्हणाली. "उजेड जेमतेम, वर जायला जागा नाही." मग दुसरा कुंडा दाखवला. "आणि ही याच्याच शेंगांतल्या दाण्यांची रोपं. उघड्यावर लावली." ती सरळ होती. सगळी.

"बाकला आणि माणूस सारखं का?"

"नाही," ती म्हणाली. "माणसाचं हाड जास्त वेळ घेतं. लहानपणी हाड मऊ असतं. त्याला ऊन लागतं, हालचाल लागते. तळघरात, ओलीत, पाय मुडपून रोज दहा तास बसवलं तर ते जसं बसवलं तसं घट्ट होतं. पायांचं होतं तसंच कमरेचंही."

"गप्प बसा."

"तूबा खानम, एकच विचारते. तुम्ही मागावर बसलात तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

मला हे सांगायचं नव्हतं. पण विचारलं की तोंड उघडतंच. "नऊ. माझी आई आधी दुसऱ्यांच्या शेतावर जायची, मी तिच्याबरोबर असायचे."

"आणि गोहर?"

मी चादोर सावरायला लागले. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असणार.  मी नवव्या वर्षी बसले, माझी दोन जगली. गोहर सहाव्या वर्षी बसली. रक्त माझं असतं तर तिच्यात ते माझ्यापेक्षा जास्त वाकडं कसं झालं? हिशोब इतका सोपा होता, आणि तो मी इतकी वर्षं केला नव्हता. केला नव्हता म्हणण्यापेक्षा, करू दिला नव्हता. आणि कुणी? मीच.

जाता जाता मी दारातून तिला वाटेल ते बोलले. तुमचं अजून लग्न नाही, पोर नाही, तुम्हाला काय कळतं, असलं. ती ऐकून घेत होती. वाटेत मला इतकी तिडीक आली होती, की ओढ्यापाशी थांबून मी स्वतःच्याच मांडीवर मूठ मारली, दोनदा, तीनदा. ते वाकडं हाड टणक लागलं हाताला.

घरी आले तर गोहर फळीवरच होती. मनीजे बाहेर गेली होती. गोहरने विणणं थांबवलं नाही. धाग्यांकडे बघतच तिने विचारलं, "शाळेत गेली होतीस?"

"हो."

"काय म्हणाली खानम?"

"काय म्हणणार. शिकलेल्या बायका. पुस्तकात लिहिलेलं वाचतात."

"मनीजे म्हणते ते खरं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

ती म्हणाली, "बरं." आणि गाठ मारली. असं सरळ तोंडावर खोटं बोलले मी. तीन दिवस तिच्याबरोबर एका ताटात जेवले आणि ते खोटं गिळत राहिले.

शनिवार उजाडला. आमच्याकडे पोरीला पहिल्यांदा फळीवर बसवायचं म्हणजे छोटं लग्नच. गल्लीतल्या बायका जमतात. इस्फंद जाळतात. माझ्या थोरल्या जाऊबाईने, कोकबने, खजूर घातलेले कुलुंपे भाजून आणले होते. उस्ता रहमत नवा सदरा घालून नक्षीचा कागद मांडीवर घेऊन बसले होते, कारण ते नक्षी मोठ्याने म्हणून दाखवतात आणि बायका त्याबरहुकूम रंग उचलतात. पोरीची पहिली गाठ तिच्या आईने तिचा हात हातात धरून मारायची. आईचा हात लागल्याशिवाय पोर मागावर बसली असं होत नाही. मग तोंडात खडीसाखर, आणि टाळ्या.

तळघरात नेहमीचा दिवा होता. फळीवर पाच बायका आधीच बसलेल्या, गोहर मधोमध. तिच्या शेजारी एक हातभर जागा मोकळी ठेवलेली. मनीजेला नवा परकर घातला होता. ती त्या जागेकडे बघत उभी होती.  मागच्या तीन दिवसांत ती माझ्याशी बोललीच नव्हती, आणि मी जी काय गोष्ट ठरवायची ती ठरवत नव्हते.

कोकब म्हणाली, "चढ की गं वर. बारा वर्षांची घोडी झाली. माझ्या पोरी या वयात दोन गालिचे उतरवून मोकळ्या झाल्या होत्या."

"आणि कशा चालतात त्या?" मनीजे म्हणाली.

बायका हसल्या, मग हसू अर्धवट राहिलं. कोकबचं तोंड उतरलं. उस्ताने कागदावरून मान वर केली. "तूबा, पोरगी फार बोलायला लागलीय. शाळेचे गुण. घे, हात धर तिचा. उशीर होतोय."

मनीजेने हात पुढे केला. माझ्याकडे बघून केला. मी सांगितलं असतं तर ती चढली असती. तिचा तो हात बघितला आणि मला वाटलं मी ओरडणार. ओरडले नाही. म्हटलं, "मी नाही धरणार."

"काय?"

"हिला मी नाही बसवणार, भाऊजी."

उस्ता आधी हसले. "अगं, कसला नखरा लावलायस? यदुल्लाने हो म्हटलंय."

"त्याने म्हटलं असेल. त्याने यावं आणि त्याने धरावा हात. पण आईचाच हात लागतो ना तुमच्यात? आई नाही म्हणतेय."

आता त्यांचा आवाज चढला. "शाळेतल्या त्या बाईने डोकं फिरवलंय तुझं. पाय वाकतील म्हणून घाबरतेस? अगं, ते तर वाकणारच आहेत. कमानीची पोर आहे ती. मागावर बसली तरी वाकतील, गादीवर बसली तरी वाकतील. रक्तातच आहे. मग दोन पैसे मिळवून वाकू देत ना."

हे वाक्य मी स्वतः म्हटलं होतं. सतरा वर्षांपूर्वी. याच तळघरात, गोहर खाली रडत बसली होती तेव्हा, सासूबाईंना मी म्हटलं होतं, वाकणारच आहेत तर बसू दे. माझेच शब्द त्यांच्या तोंडून परत आले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय रक्तात आहे?" मी म्हटलं. "मी या घरात बाहेरून आले. माझं रक्त तुमचं नाही. माझे पाय बघा. कोकबवहिनी कुठल्या गावच्या? त्यांचे बघा. सात गावच्या सात सुना, सगळ्यांचं रक्त एकच कसं झालं? आणि तुम्ही, तुमच्या आईच्या पोटचे सख्खे, तुमचे पाय सरळ कसे राहिले? तुम्ही कधी या फळीवर बसलात? एक दिवस?"

"जीभ आवर."

"जीभ आवरूनच तर हे झालं." मी बायकांकडे वळले. "ऐका सगळ्या. रक्त वाकडं नाही. आपण वाकवतो. मी नऊ वर्षांची होते, माझ्या आईने बसवलं. गोहर सहा वर्षांची होती. तिला मी बसवलं. तिचा हात मी धरला. तिची कमर मी अडवली. तिची दोन बाळं, ती रक्ताने नाही गेली. ती मी—"

  कोकब आपल्या पोरींकडे बघत होती, दोघी फळीवर होत्या, आणि त्या तिच्याकडे.

गोहर फळीवरून उतरायला लागली. तिला उतरायला वेळ लागतो. आधी एक पाय आडवा टाकते, मग हाताने खांब धरते, मग दुसरा. सगळ्या बघत राहिल्या, कुणी पुढे झालं नाही, मीही नाही. खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. डोळे कोरडे.

"तीन दिवसांपूर्वी मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

"मी सहा वर्षांची असताना तू हात धरलास तेव्हा मी रडत होते?"

खोटं बोलायची सवय इतकी, की त्या क्षणीही ओठांवर आलं, आठवत नाही. पण मी म्हटलं, "रडत होतीस. खाली उतरव म्हणत होतीस."

"मग?"

"मग मी तुझ्या तोंडात खडीसाखर घातली."

तिने मान हलवली. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती मनीजेकडे वळली आणि तिचा तो अजून पुढे असलेला हात धरला. "चल, शाळेची वेळ झाली." उस्ता काहीतरी म्हणत होते, माग अडेल, व्यापारी काय म्हणेल, यदुल्ला आला की बघतोच. तिने ऐकलंही नाही. दारात थांबून मला म्हणाली, "उद्या मी सासरी जाणार आहे. माझं रक्त वाकडं नव्हतं, हे त्यांना सांगायला. तू बरोबर यायचंस. कुणी वाकवलं ते तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"त्या बाईसमोर? तिच्या दारात?"

"तिच्या दारात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही गेलो. वाटेत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. माझ्या विहिणीचं अंगण मोठं, मधे हौद, हौदाच्या काठावर गोहरची सवत दोन पोरांना न्हाऊ घालत होती. विहीणबाई बाहेर आल्या, आम्हाला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "आता काय हवंय कमानींना?"

मी सांगितलं. सवतीच्या देखत, शेजारच्या गच्चीवरच्या बायकांच्या देखत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कितव्या वर्षी बसवलं, किती तास, तळघरात ऊन कसं येत नाही, ती कशी रडायची, मी काय म्हणायचे. विहीणबाई मधे म्हणाल्या, "बास, बास, कळलं." पण गोहर माझ्या शेजारी उभी होती, आणि तिने मला बास म्हटलं नाही, म्हणून मी बोलत राहिले.